बॅकअप सॉफ्टवेअर निवडायचंय? आधी रिस्टोअरचा दिवस डोळ्यांपुढे आणा

बॅकअप सॉफ्टवेअरच्या जाहिराती वाचल्या तर सगळी एकाच माळेचे मणी वाटतात. एका क्लिकमध्ये बॅकअप, आपोआप बॅकअप, क्लाउडवर बॅकअप. पण बॅकअप घेणं ही सोपी बाजू आहे. तेव्हा डिस्क धडधाकट असते, विंडोज चालू असतं आणि घाई नसते. कस लागतो तो नंतर. कॉम्प्युटर सुरूच होत नाही, आत नवी कोरी डिस्क बसवली आहे आणि हातात आहे फक्त एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क. त्या घडीला कुठला पेनड्राइव्ह लावायचा, त्यावरून सुरू झालेल्या प्रोग्रामला नवी डिस्क दिसेल का, बॅकअप उघडायला पासवर्ड लागेल का, वर्गणी संपली असेल तर तो रिस्टोअर करू (म्हणजे डेटा परत उतरवू) देईल का? या प्रश्नांची उत्तरं जे सॉफ्टवेअर नीट देतं, ते घ्यावं. रंगीबेरंगी डॅशबोर्डचा विचार त्यानंतर.

फाइल, इमेज की क्लोन

बॅकअपचे तीन प्रकार आहेत आणि बहुतेकांची फसगत इथेच होते.

फाइल बॅकअपमध्ये फक्त तुमचे फोल्डर जातात: डॉक्युमेंट, फोटो, डेस्कटॉप. विंडोज ८ पासून मिळणारी 'फाइल हिस्टरी' ही सोय हेच करते. मुळात तिची सेटिंग दर तासाला बदललेल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर टाकण्याची असते, आणि एखाद्या फाइलची परवाची आवृत्ती परत हवी असेल तर ती उत्तम आहे. पण विंडोज, बसवलेले प्रोग्राम आणि त्यांची सेटिंग तिच्यात येत नाहीत. 'अ‍ॅपडेटा' हा लपलेला फोल्डरही नाही. ब्राउझरचे बुकमार्क आणि कितीतरी प्रोग्रामचा डेटा तिथे असतो. हिशेबाच्या एखाद्या सॉफ्टवेअरने आपला डेटा थेट सी ड्राइव्हवर स्वतःच्या फोल्डरात ठेवला असेल, तर तोही सुटतो. रोजच्या वापरात हे कुणाच्या लक्षात येत नाही. डिस्क गेल्यावर येतं.

इमेज म्हणजे अख्ख्या डिस्कची, पार्टिशनच्या मांडणीसकट, एका मोठ्या फाइलीत घेतलेली नक्कल. नवी डिस्क बसवली, इमेज तिच्यावर उतरवली की कॉम्प्युटर त्या दिवशी होता तसा उभा राहतो. प्रोग्राम पुन्हा बसवायला नकोत, परवान्यांचे नंबर शोधायला नकोत. पूर्ण डिस्क सुरक्षित ठेवायची असेल तर हवी ती इमेजच.

क्लोनमध्ये मधली फाइल नसते. एका डिस्कवरचं सगळं थेट दुसऱ्या डिस्कवर उतरतं आणि ती दुसरी डिस्क लगेच वापरता येते. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायची असेल तर हाच रस्ता. बॅकअप म्हणून मात्र क्लोन लंगडा आहे, कारण तो एकाच दिवसाचा असतो. मंगळवारी खराब झालेली फाइल बुधवारच्या क्लोनमध्ये खराबच जाते आणि सोमवारची चांगली फाइल त्याच्याखाली पुसली जाते.

सिंक हा बॅकअप नव्हे, हेही इथेच सांगून टाकू. वनड्राइव्हसारख्या सेवेत एका ठिकाणी पुसलेली फाइल सगळीकडून जाते. वैयक्तिक खात्याच्या रिसायकल बिनमध्ये ती ३० दिवस राहते, पुढे नाही. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी रेडची जोडणीसुद्धा डिस्क बिघडण्यापासून वाचवते, चुकून पुसण्यापासून नाही. आणि विंडोजमधल्या 'विंडोज बॅकअप' नावाच्या अ‍ॅपला इमेज समजू नका. ते काही फोल्डर वनड्राइव्हवर चढवतं, सेटिंग आणि अ‍ॅपची यादी लक्षात ठेवतं, एवढंच.

इमेजमध्ये काय जातं आणि काय जात नाही

आजकालच्या विंडोज कॉम्प्युटरची डिस्क म्हणजे फक्त सी ड्राइव्ह नसते. सुरुवातीला साधारण १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन असतं, ज्यावरून बूट सुरू होतं. मग १६ एमबीचा एक राखीव तुकडा, मग सी, आणि शेवटी काहीशे एमबीचं रिकव्हरी पार्टिशन. फाइल एक्सप्लोररमध्ये यातलं सीच दिसतं, म्हणून लोक बॅकअप करताना फक्त सीवर टिक करतात. अशी इमेज कोऱ्या डिस्कवर उतरवली तर डेटा येतो, पण बूट होत नाही. म्हणून पार्टिशन निवडू नका, अख्खी डिस्क निवडा. 'सिस्टिम बॅकअप' असा वेगळा पर्याय असेल तर त्यात बूटला लागणारे सगळे तुकडे घेतले आहेत का, ते पडद्यावरच्या यादीत पाहून घ्या.

चालू विंडोजची नक्कल घेताना फाइली उघड्या असतात, बदलत असतात. यासाठी विंडोजमध्ये 'व्हॉल्यूम शॅडो कॉपी' ही यंत्रणा आहे. ती एका क्षणाचं चित्र गोठवून ठेवते आणि बॅकअप सॉफ्टवेअर त्या चित्रावरून वाचतं. बॅकअप मध्येच 'व्हीएसएस'ची (याच यंत्रणेची) चूक दाखवून थांबला तर पहिल्यांदा दोन गोष्टी तपासा: सी ड्राइव्ह काठोकाठ भरला आहे का, आणि दोन बॅकअप सॉफ्टवेअर एकाच वेळी चालू आहेत का. दोन-तीन सॉफ्टवेअर एकदम बसवून 'जास्त सुरक्षित' होण्याचा प्रयत्न बहुधा असाच अंगाशी येतो.

चांगलं सॉफ्टवेअर डिस्कवरचे वापरलेले भागच उचलतं. १ टीबीच्या डिस्कवर ३०० जीबी वापरात असतील तर ३०० जीबीच वाचले जातात, आणि पेज फाइल, हायबरनेशनची फाइल अशा विंडोजच्या तात्पुरत्या फाइली वगळल्या जातात. म्हणून इमेज अपेक्षेपेक्षा लहान दिसली तरी घाबरू नये. 'सेक्टर बाय सेक्टर' हा पर्याय मोकळी जागासुद्धा उतरवतो. वेळ आणि जागा दोन्ही खातो. पुसलेल्या फाइली नंतर शोधायच्या असतील किंवा सॉफ्टवेअरला फाइल सिस्टिम ओळखता येत नसेल, तेव्हाच तो निवडावा.

एक गोष्ट मात्र खरोखर सुटते. वनड्राइव्हमध्ये ज्या फाइलींवर ढगाचं चिन्ह आहे त्या फाइली डिस्कवर नसतातच, तिथे नुसतं नाव असतं. इमेजमध्येही नावच जातं. त्या बॅकअपमध्ये हव्या असतील तर आधी फोल्डरवर राइट क्लिक करून तो कायम या कॉम्प्युटरवर ठेवण्याचा पर्याय निवडा आणि डाउनलोड पूर्ण होऊ द्या.

पूर्ण, इन्क्रिमेंटल, डिफरन्शियल

रोज ३०० जीबी उतरवणं परवडत नाही, म्हणून पहिल्यांदा एक पूर्ण इमेज घेतात आणि पुढे फक्त बदल. इन्क्रिमेंटलमध्ये कालपासूनचे बदल जातात. रोज ४ जीबी बदलत असतील तर महिन्याला १२० जीबी. फाइली लहान राहतात, पण ती साखळी असते. बारावी फाइल खराब झाली तर तेराव्यापासून पुढच्या सगळ्या निकामी. डिफरन्शियलमध्ये दर वेळी पूर्ण इमेजपासूनचे सगळे बदल जातात: पहिल्या दिवशी ४, दुसऱ्या दिवशी ८, सातव्या दिवशी २८ जीबीपर्यंत. जागा जास्त लागते, पण रिस्टोअरला दोनच फाइली पुरतात.

घरच्या कॉम्प्युटरला महिन्यातून एक पूर्ण, आठवड्यातून एक डिफरन्शियल आणि मध्ये रोज इन्क्रिमेंटल ही मांडणी पुरेशी आहे. काही सॉफ्टवेअर वेगळ्या पद्धतीने चालतात. कायम इन्क्रिमेंटल घेत राहतात आणि सर्वांत जुना बदल पूर्ण इमेजमध्ये मिसळून टाकतात, म्हणजे दर महिन्याला नवी पूर्ण इमेज घ्यावी लागत नाही. यात गैर काही नाही, फक्त अधूनमधून पडताळणी जरूर करावी, कारण सगळा भार एकाच मूळ फाइलीवर असतो.

डिस्क किती मोठी घ्यायची, हा हिशेब इथून निघतो. बहुतेक सॉफ्टवेअर नवी पूर्ण इमेज नीट झाल्यावरच जुनी पुसतात, आणि तसंच असायला हवं. त्यामुळे काही काळ दोन पूर्ण इमेज आणि महिनाभराचे बदल एकत्र नांदतात. वापरातल्या जागेच्या दुप्पट ही खालची मर्यादा, तिप्पट असेल तर बरं. कॉम्प्रेशनवर फार विसंबू नका. फोटो, व्हिडिओ आणि झिप फाइली आधीच दाबलेल्या असतात, त्या आणखी आक्रसत नाहीत. जुनी इमेज आधी पुसून मग नवी घेण्याचा पर्याय काही ठिकाणी असतो. तो चालू असताना नवी इमेज मध्येच फसली तर हाती काहीच उरत नाही.

एक्स्टर्नल डिस्कचं फॉरमॅट एनटीएफएस ठेवा. फॅट३२ मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. सॉफ्टवेअर मग इमेजचे डझनावारी तुकडे करतं किंवा सरळ थांबतं. पोर्टही पाहा. यूएसबी २ वर सेकंदाला ३०-३५ एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे ३०० जीबीला सव्वादोन तासांहून जास्त. यूएसबी ३ वर साधी हार्ड डिस्कसुद्धा १०० एमबीच्या पुढे जाते आणि तेच काम पाऊण तासात होतं.

रिकव्हरी पेनड्राइव्ह: निवडीची खरी कसोटी

ज्या सॉफ्टवेअरला स्वतःचा बूट होणारा रिकव्हरी पेनड्राइव्ह बनवता येत नाही, ते पूर्ण डिस्कच्या बॅकअपसाठी बाद. हा पेनड्राइव्ह दोन प्रकारचा असतो. एक विंडोजच्या लहान आवृत्तीवर चालतो, तिला विंडोज पीई म्हणतात. दुसरा लिनक्सवर. पीई साधारणपणे बरा, कारण त्यात तुमच्या कॉम्प्युटरचे विंडोजचे ड्रायव्हर टाकता येतात. लिनक्सचा पेनड्राइव्ह सहसा लहान असतो आणि जुन्या मशिनवर बिनबोभाट चालतो.

इथे सर्वांत जास्त वेळा जे बिघडतं ते असं: पेनड्राइव्हवरून बूट होतं, एक्स्टर्नल डिस्क दिसते, पण आतली एसएसडी यादीतच नसते. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी 'व्हीएमडी' नावाच्या कंट्रोलरमागे असते आणि तिला इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर लागतो. तो पेनड्राइव्हमध्ये नसेल तर डिस्क आहे हे प्रोग्रामला कळतच नाही. उपाय म्हणजे पेनड्राइव्ह बनवताना 'या कॉम्प्युटरचे ड्रायव्हर सामील करा' अशा अर्थाचा पर्याय चालू ठेवणं, किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून तो ड्रायव्हर उतरवून, झिप सोडवून त्याच पेनड्राइव्हच्या एका फोल्डरात ठेवणं. पीईमध्ये 'लोड ड्रायव्हर' बटण असतं, तिथून तो देता येतो. बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करण्याचा सल्लाही तुम्हाला मिळेल. रिस्टोअरपुरतं ते चालतंही, पण इमेजमधलं विंडोज व्हीएमडी धरून बसवलेलं असेल तर सेटिंग तशीच राहू दिल्यास विंडोज सुरू होताना निळा पडदा येऊ शकतो. रिस्टोअर झाल्यावर सेटिंग जशी होती तशी करा.

दुसरी अडचण सिक्युअर बूटची. पेनड्राइव्हवरचा बूटलोडर (बूट सुरू करून देणारा प्रोग्राम) डिजिटल सही केलेला नसेल तर मशिन तो सुरूच करत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कचं कुलूप) चालू असलेल्या मशिनवर सिक्युअर बूट बंद करण्याआधी रिकव्हरी की हाताशी ठेवा, पुढच्या वेळी ती मागितली जाऊ शकते. तिसरी अडचण बूटच्या पद्धतीची. विंडोज यूईएफआयवर (बायोसच्या नव्या प्रकारावर) बसवलेलं असेल तर पेनड्राइव्हही यूईएफआय पद्धतीनेच सुरू करायचा. बूट मेन्यूमध्ये एकच पेनड्राइव्ह कधी दोनदा दिसतो, त्यातली 'यूईएफआय' लिहिलेली ओळ निवडा. बूट मेन्यूची की कंपनीगणिक वेगळी असते, एफ१२, एफ९, एफ११ किंवा एस्केप. तुमची कोणती, ते कागदावर लिहून पेनड्राइव्हला चिकटवा.

बारीकसारीक आणखी दोन. इमेज नेटवर्कवरच्या स्टोरेजवर असेल तर रिकव्हरी पेनड्राइव्हमध्ये वाय-फाय चालेलच असं नाही, केबल आणि गरज पडल्यास यूएसबीचं नेटवर्क अडॅप्टर ठेवा. आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती वाढली की पेनड्राइव्ह नवा बनवा. नव्या आवृत्तीची इमेज जुन्या पेनड्राइव्हला उघडेलच याची खात्री नसते.

बिटलॉकर आणि पासवर्ड

नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं. आधी ते चालू आहे का ते पाहा आणि असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की छापून ठेवा. ती त्याच कॉम्प्युटरवरच्या फाइलीत ठेवणं म्हणजे किल्ली आत ठेवून दार ओढून घेणं.

चालू विंडोजमधून घेतलेल्या इमेजमध्ये डेटा उघडा जातो, कारण त्या वेळी ड्राइव्ह उघडलेला असतो. म्हणजे लॅपटॉप कुलूपबंद, पण त्याची नक्कल एक्स्टर्नल डिस्कवर कुणालाही वाचता येईल अशी. यासाठी सॉफ्टवेअरमध्ये इमेजला स्वतःचं एन्क्रिप्शन देण्याची सोय हवी, एईएस २५६ असेल तर उत्तम. काही मोफत आवृत्त्यांत नेमकी हीच सोय पैशांमागे असते. पासवर्ड विसरलात तर कंपनीही इमेज उघडून देऊ शकत नाही. पेनड्राइव्हवरून, रिकव्हरी की न देता घेतलेल्या इमेजची गोष्ट उलटी. सॉफ्टवेअरला आतलं काही वाचता येत नाही, ते मोकळ्या जागेसकट सगळं पार्टिशन उचलतं आणि एन्क्रिप्ट झालेला डेटा दबतही नाही.

आता नावं

विंडोजसाठी पैसे न मोजता सुरुवात करायची असेल तर वीम एजंटची मोफत आवृत्ती पाहावी. अख्ख्या कॉम्प्युटरची इमेज, कायम इन्क्रिमेंटलची पद्धत, रिकव्हरी पेनड्राइव्हमध्ये याच मशिनचे ड्रायव्हर टाकण्याची सोय, आणि बॅकअप झाला की यूएसबी डिस्क आपोआप इजेक्ट करण्याचा पर्याय. या शेवटच्या सोयीचं मोल पुढे येईल. ते मूळचं कंपन्यांसाठीचं असल्याने दिसायला रुक्ष आहे.

मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती अनेक वर्षं लोकांच्या तोंडी होती. कंपनीने ती थांबवली आणि तिला सुरक्षा दुरुस्त्या १ जानेवारी २०२४ पर्यंतच दिल्या. जुन्या साइटवरून ती उतरवून आज नव्याने सुरुवात करू नये. तिची विकत मिळणारी आवृत्ती मात्र रिस्टोअरच्या बाबतीत भरवशाची आहे, आणि पार्टिशनचे आकार रिस्टोअर करतानाच बदलता येतात. अक्रॉनिस ट्रू इमेजमध्ये बॅकअपसोबत अँटिव्हायरस, क्लाउड असं बरंच काही येतं. हवं असेल तर ठीक, नसेल तर ते ओझंच. आओमेई, ईझयूएस, हॅस्लिओ यांच्या मोफत आवृत्त्या वापरायला सोप्या आहेत. अशा कुठल्याही मोफत आवृत्तीत क्लोन, एन्क्रिप्शन आणि वेगळ्या हार्डवेअरवर रिस्टोअर, या तीन सोयी खुल्या आहेत की कुलपात, ते आधी पाहा. कुठली सोय पुढच्या आवृत्तीत पैशांकडे जाईल याचा नेम नसतो. वर्गणीचं सॉफ्टवेअर घेताना एक प्रश्न लेखी विचारावा: वर्गणी संपल्यावर जुन्या इमेज रिस्टोअर करता येतील का?

डिस्कच्या कंपन्याही सॉफ्टवेअर देतात. सीगेट, वेस्टर्न डिजिटल यांच्याकडची साधनं त्यांची डिस्क जोडलेली असेल तरच चालतात, सॅमसंगचं डेटा मायग्रेशन फक्त सॅमसंगच्या एसएसडीवर क्लोन करतं. एकदा डिस्क बदलण्यापुरती ती छान आहेत.

क्लोनझिला मुक्त आणि मोफत आहे, पेनड्राइव्हवरून चालतं, विंडोज आणि लिनक्स दोन्ही उतरवतं. त्याचे पडदे जुन्या धाटणीचे आहेत आणि एका चुकीच्या ओळीवर एंटर दाबलं तर भलती डिस्क पुसली जाऊ शकते. नवी डिस्क मूळ डिस्कइतकी किंवा मोठी असावी लागते, आणि इमेजमधून एखादीच फाइल काढणं सोपं नाही. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर बंद केलेलं विंडोजसुद्धा अर्धवट झोपलेलं असतं आणि क्लोनझिला ते पार्टिशन घ्यायला नकार देतं. शिफ्ट दाबून शट डाउन करा, अडचण सुटते. हेच काम खिडक्या-बटणांत हवं असेल तर रेस्क्यूझिला. क्लोनझिलाच्या इमेज त्याला चालतात.

विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)' अजून दिसतं. त्यातल्या सिस्टिम इमेजची सोय मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच मोडीत काढण्याच्या यादीत टाकली आणि दुसरं सॉफ्टवेअर वापरा असं सुचवलं. ती मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर रिस्टोअर करत नाही, मग त्यात डेटा कितीही थोडा असो. मोठी हार्ड डिस्क काढून लहान एसएसडी लावणाऱ्यांची वाट इथेच अडते.

मॅकवर प्रश्न सोपा आहे. २००७ पासून असलेलं टाइम मशीन गेल्या २४ तासांचे तासातासाचे, महिनाभराचे रोजचे आणि त्यामागचे आठवड्याचे बॅकअप ठेवतं. जागा भरली की सर्वांत जुने काढतं. डिस्क मॅकच्या स्टोरेजच्या दुप्पट घ्यावी. रिस्टोअर करताना आधी रिकव्हरीतून मॅकओएस बसवायचं आणि मग मायग्रेशन असिस्टंटने डेटा परत आणायचा. लिनक्सवर टाइमशिफ्ट सिस्टिमचे स्नॅपशॉट घेतं, पण होम फोल्डर मुळात वगळतं. तुमच्या फाइलींसाठी देजा डुप, बोर्ग किंवा रेस्टिक यांपैकी एक वेगळं लावा.

नक्कल कुठे ठेवायची

३-२-१ हा नियम जुना झाला तरी ढळलेला नाही: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. रॅन्समवेअरमुळे (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसमुळे) त्यात एक भर पडली आहे, निदान एक प्रत कॉम्प्युटरपासून तोडलेली असावी. कायम जोडलेली एक्स्टर्नल डिस्क रॅन्समवेअर तेवढ्याच सहजपणे कुलूपबंद करतं, आणि विंडोजच्या शॅडो कॉपी तर ते बहुधा सुरुवातीलाच पुसतं. दोन डिस्क आलटून पालटून लावणं हा साधा उपाय. एक लावलेली, एक दुसरीकडे. आपोआप इजेक्ट होण्याची सोय इथे कामी येते.

वेळापत्रकावर चालणारा बॅकअप यूएसबी डिस्कचं अक्षर बदललं तरी बंद पडू शकतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला शेवटाकडचं एखादं अक्षर, समजा एक्स, कायमचं द्या. लॅपटॉप असेल तर 'चुकलेला बॅकअप पुढच्या वेळी सुरू झाल्यावर घ्या' हा पर्याय चालू हवा. आणि वर्षानुवर्षं कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी एसएसडी नको. वीज न मिळता फार काळ पडून राहिलेल्या एसएसडीतला डेटा विरू शकतो, साधी हार्ड डिस्क त्या कामाला बरी.

पडताळणी, आणि मग खरी तालीम

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका इंजिनियरकडून चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली. बॅकअप घेणाऱ्या बऱ्याच यंत्रणा होत्या. रोजचा डेटाबेस बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे होतच नव्हता, आणि तसं कळवणाऱ्या ईमेल कुणापर्यंत पोचत नव्हत्या. सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेला एक स्नॅपशॉट होता, त्यावर निभावलं. कंपनीने हे सगळं स्वतःच जाहीर केलं. घरच्या कॉम्प्युटरवरही हेच होतं, फक्त त्याची बातमी होत नाही.

तपासणीच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, सॉफ्टवेअरमधलं 'व्हेरिफाय'. लिहिलेली फाइल जशीच्या तशी वाचता येते एवढंच ते सांगतं. दुसरी, इमेज ड्राइव्हसारखी उघडून चार-पाच मोठ्या फाइली, एखादा व्हिडिओ, एखादं स्प्रेडशीट प्रत्यक्ष उघडून पाहणं. तिसरी म्हणजे रिकव्हरी पेनड्राइव्हवरून बूट करणं. आतली डिस्क योग्य आकाराची दिसते का, एक्स्टर्नल डिस्क दिसते का, इमेज पासवर्ड घेऊन उघडते का, हे पाहत शेवटच्या पडद्यापर्यंत जा आणि तिथे रद्द करा. जेमतेम पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि ड्रायव्हर, सिक्युअर बूट, हरवलेला पासवर्ड असल्या भानगडी याच पंधरा मिनिटांत उघड होतात. एखादी सुटी एसएसडी असेल तर मूळ डिस्क काढून तिच्यावर खरोखर रिस्टोअर करा. मूळ डिस्कवरच 'करून पाहू' म्हणून रिस्टोअर कधीही करू नका. मध्ये वीज गेली तर चालतं कॉम्प्युटरही गेलं आणि हातचा डेटाही.

डिस्क आधीच आजारी असेल तर

डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्राममध्ये ०५, सी५ किंवा सी६ या, खराब सेक्टर मोजणाऱ्या ओळींचे आकडे शून्याच्या वर चढत असतील तर नेहमीच्या बॅकअप सॉफ्टवेअरने अख्ख्या डिस्कची इमेज घेत बसू नका. ते प्रत्येक खराब सेक्टरवर पुन्हा पुन्हा डोकं आपटतं आणि डिस्क आणखी झिजते. आधी महत्त्वाचे फोल्डर साध्या कॉपीने बाहेर काढा. मग ग्नू डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अवघड जागा नोंदवून शेवटी तिकडे वळतं, आणि मध्येच थांबवलं तरी नोंदीवरून पुढे चालू होतं. डिस्क टकटक आवाज करत असेल तर मात्र काहीही चालवू नका, वीज तोडा. पुढचं काम डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेचं.

रिस्टोअर झाल्यावर

नवी डिस्क निवडताना नाव नव्हे, आकार आणि मॉडेल पाहा. नको असलेल्या सगळ्या डिस्क आधी काढून ठेवा. क्लोन केला असेल तर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क आत ठेवू नका. दोघींची ओळख एकच असते, त्यामुळे विंडोज त्यातली एक ऑफलाइन करतं, नाहीतर जुन्याच डिस्कवरून सुरू होतं आणि क्लोन फसला असं वाटतं. वेगळ्या मदरबोर्डवर रिस्टोअर केल्यावर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असा निळा पडदा आला तर इमेज खराब नाही, स्टोरेजचा ड्रायव्हर जुळलेला नाही. वेगळ्या हार्डवेअरवर रिस्टोअरची सोय नेमकी यासाठी असते.

डिस्क मोठी घेतली असेल तर जादा जागा बहुधा रिकव्हरी पार्टिशनच्या उजवीकडे पडून राहते आणि सी वाढवण्याचा पर्याय फिका दिसतो, कारण मध्ये ते पार्टिशन आडवं आलेलं असतं. रिस्टोअरच्या वेळीच आकार ओढून घेतला असता तर हे टळतं, नाहीतर नंतर पार्टिशनच्या एखाद्या साधनाने ते शेवटाला सरकवावं लागतं. बिटलॉकर बंद झालेलं असेल, ते पुन्हा चालू करा आणि नवी रिकव्हरी की छापा, जुनी आता चालणार नाही. बॅकअपचं वेळापत्रक नव्या डिस्ककडे पाहतंय ना, हेही तपासा. इमेजमधून परत आलेलं वेळापत्रक बऱ्याचदा जुन्या डिस्कचीच ओळख धरून बसतं, अशा वेळी ते काढून नवं बनवा आणि पहिली पूर्ण इमेज त्याच दिवशी घ्या. जुनी डिस्क चालत असेल तर महिनाभर तरी पुसू नका.